मांडूळ, खापरखवल्या, वाळा: खाणे काय आणि जंत कुणाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. माळरानावरच्या खोदकामात निघालेले ४२० ग्रॅमचे मांडूळ आणि घाटातल्या रस्त्याच्या कामात सापडलेले दोन खापरखवले (जमिनीखाली राहणारे छोटे साप) तात्पुरत्या सांभाळात आहेत. वनविभागाला कळवले आहे, पण सोडायला आठ-दहा दिवस लागतील. मांडुळाला गांडुळे दिली तर ते शिवत नाही. विष्ठेत पांढरे दोरे दिसले आणि कुणीतरी आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचे इंजेक्शन सुचवले. खायला काय द्यावे आणि इंजेक्शन द्यावे का?

आज इंजेक्शन देऊ नका. मांडुळाच्या पेटीतली गांडुळेही काढून घ्या. जमिनीखाली राहणाऱ्या सापाच्या विष्ठेत जे दिसते, त्यातले निम्मे सापाचे नसतेच. ते त्याच्या भक्ष्याचे किंवा पेटीतल्या मातीचे असते. म्हणून जंतांच्या प्रश्नाची सुरुवात खाण्यापासून करावी लागते.

मांडूळ माती खाऊन जगते ही समजूत गावोगाव आहे. नावाच्या यमकामुळे मांडूळ आणि गांडूळ यांची सांगड लोकांच्या डोक्यात बसलेली असते. प्रत्यक्षात मांडूळ हा अजगर-बोआ गोतातला, विळखा घालून मारणारा साप आहे. उंदीर-घुशींची पिल्ले, शेतातले उंदीर हे त्याचे मुख्य खाणे. मऊ मातीत अंग गाडून तो फक्त नाकाडाचा शेंडा आणि डोळे वर ठेवतो, भक्ष्य टप्प्यात आले की एका झटक्यात धरतो. बिळात वळायला जागा नसली तर भक्ष्याला अंगाने भिंतीशी दाबून मारतो. मांडुळाच्याच गोतातली डुरक्या घोणसही तशीच, मात्र तिची लहान पिल्ले पाली-सरड्यांवर जास्त असतात आणि उंदराचे पिल्लू सहज धरत नाहीत. खापरखवल्याचे सगळेच वेगळे. तो गांडुळांवर जगतो, उंदराच्या पिल्लाकडे ढुंकूनही पाहणार नाही. कुंडीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा हा साप वाळवी आणि मुंग्यांची अंडी-अळ्या-कोष खातो. सगळे मातीतलेच, पण एकाचे ताट दुसऱ्यापुढे ठेवून चालत नाही.

मांडुळासाठी पेटीत कोरडी, चाळलेली माती आणि वाळू सारख्या प्रमाणात मिसळून १० ते १५ सेंटीमीटर जाडीचा थर द्या. एका टोकाला तापमान ३० ते ३२ अंश, दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास. पाण्याचे भांडे जड आणि उथळ, थंड टोकाला, नाहीतर सांडून सगळी माती ओली होते. पहिले पाच दिवस हात लावू नका, खायलाही देऊ नका. सहाव्या दिवशी संध्याकाळनंतर एक मारलेला पांढरा उंदीर, २० ते २५ ग्रॅमचा, लांब चिमट्याने मातीच्या पृष्ठभागावर ठेवा. हा घास सापाच्या वजनाच्या पाच-सहा टक्के होतो आणि पहिल्या वेळेला तेवढा पुरे. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जास्त नको. रात्रभर ठेवून सकाळी उचला. धरले नाही तर पुन्हा आठवड्याने.

जिवंत उंदीर सोडू नका. गाडून बसलेल्या सापाचे नाकाड उंदीर कुरतडतो, आणि मांडूळ भुकेले नसले तर प्रतिकारही करत नाही. दुकानात किंवा शेतात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर तर मुळीच नको. त्याने ब्रोमॅडायोलोन किंवा झिंक फॉस्फाइड खाल्ले असेल तर ते विष सापाच्या पोटात जाते. शिवाय रानउंदराच्या शरीरात पेंटास्टोम (सापाच्या फुप्फुसात राहणारे परजीवी) आणि पट्टकृमींच्या अळ्या असतात, त्या खाणाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठीच तिथे बसलेल्या असतात. प्रयोगशाळेसाठी वाढवलेले उंदीर मिळवून उणे १८ अंशांना ३० दिवस गोठवले तर अशा बहुतेक अळ्या मरतात. देताना फ्रिजमध्ये हळूहळू वितळवा, मग ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात पिशवीसकट बुडवून कोमट करा. आतून गार राहिलेला उंदीर साप दोन दिवसांनी उलटून टाकतो, आणि मग त्या ओकारीला विनाकारण जंतांचे नाव पडते.

दहा दिवस न खाणे हा मांडुळाचा आजार नाही. कात यायच्या आधी, थंडीत, पकडल्याच्या धसक्यात तो आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो आणि सहज तगतो. एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन घ्या. ४२० चे ३८० च्या खाली गेले तर काळजी करायची, तोवर थांबायचे. तोंड उघडून कोंबणे, दूध किंवा अंडे पाजणे हे प्रकार बंद. मांडुळाचे तोंड अरुंद आणि खालच्या बाजूला असते. चिमट्याने उघडताना हिरडी फाटते आणि तिथून तोंडाला पू होतो. साप सुकलेला वाटला, कातडी चिमटीत धरल्यावर सुरकुती राहिली, तर त्याच्या अंगाच्या निम्म्या उंचीइतक्या, २८ ते ३० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटे ठेवा. बहुतेक वेळा तो स्वतःच पाणी पितो.

खापरखवल्यांकडे आज लक्ष द्या, कारण ते मांडुळासारखे थांबू शकत नाहीत. सह्याद्रीतल्या ओल्या, गार मातीत राहणारा हा साप. पत्र्याच्या खोलीत ३० अंशांच्या पुढे काही तासांत मान टाकतो. जिथून आणले तिथलीच माती, २० सेंटीमीटर खोल, मुठीत दाबली तर गोळा व्हावी पण पाणी गळू नये इतकी ओली. वरती पालापाचोळा. खोली २० ते २४ अंश. दिवा लावू नका. गांडुळे त्याच परिसरातली घ्या. गांडूळखताच्या खड्ड्यातली तांबडी आयसेनिया फेटिडा गांडुळे टाळा. त्रास झाला की ती उग्र वासाचा पिवळट द्रव सोडतात, साप ती तोंडातून टाकतो किंवा नंतर ओकतो. गांडुळे आदल्या रात्री ओल्या टिपकागदावर ठेवली तर पोटातली माती निघून जाते. पेन्सिलीपेक्षा बारीक, पाच-सहा सेंटीमीटरची तीन-चार गांडुळे मातीत सोडून द्यायची. समोर धरून भरवायचे नाही, तो जमिनीखालीच खातो. एक सांगून ठेवतो: खापरखवल्याच्या शेपटीच्या चपट्या, खरबरीत टोकाला मातीची टोपी चिकटलेली असते. ती घाण समजून ब्रशने घासू नका. मागून बीळ बंद करायचे ते त्याचे बूच आहे.

वाळ्याला सांभाळायची गरजच नाही. ओलसर मातीच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी सावलीतल्या भुसभुशीत जमिनीत सोडा. गांडूळ म्हणून त्याला मारले जाते, तेव्हा फरक लक्षात ठेवा. गांडूळ चिकट, अंगावर वळी आणि एक जाडसर पट्टा. वाळा कोरडा, तुकतुकीत, सारख्या जाडीचा, आणि नीट पाहिले तर इवलीशी जीभ आतबाहेर होताना दिसते. तो कानात शिरतो म्हणून सांगतात, त्यात तथ्य नाही. त्याच्या खाण्याची एक गंमत मात्र खरी आहे. २०१५ साली जपानी संशोधकांनी नोंदवले की हा वाळा वाळवी तोंडात धरून तिचे डोके जमिनीवर घासून तोडतो आणि उरलेले धड गिळतो. सगळ्याच वाळव्यांचे डोके तो तोडत नाही. गिळली गेलेली डोकी न पचता विष्ठेतून बाहेर पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती तपकिरी, गोल, गुळगुळीत दिसतात आणि नवखा माणूस त्यांना अंडी समजतो.

आता तुमचे पांढरे दोरे.

सापाच्या विष्ठेचा पांढरा, खडूसारखा भाग म्हणजे युरेट, म्हणजे त्याची लघवीच. ते वाळले की पट्टे आणि दोरे तयार होतात. काळ्या कागदावर काचेची बशी ठेवून त्यात २८-३० अंशांचे ०.९ टक्के मिठाचे पाणी घ्या आणि दोरा त्यात सोडा. सुईने दाबल्यावर भुगा झाला तर युरेट. सुईला चिकटून ताणला गेला तर शेंबडासारखा स्राव. अजिबात न तुटता चिवटपणे वळला तर उंदराचा स्नायूबंध किंवा केसांचा झुबका. दोन्ही टोके निमुळती आणि दहा मिनिटांत वळवळ सुरू झाली, तरच तो जंत. पण तरीही सापाचा असेलच असे नाही. मातीत मुक्त राहणारे सूत्रकृमी कोट्यवधी असतात. विष्ठा रात्रभर ओल्या मातीवर पडली की सकाळी तिच्यात ते भरलेले असतात. त्यांची अळी आणि सापाच्या स्ट्राँगिलॉइड्स या जंताची अळी यांच्या अन्ननलिकेचा आकार इतका सारखा असतो की अनुभवी डोळाही चुकतो. म्हणून पहिला नियम हा की नमुना मातीवरचा घ्यायचा नाही. साप खाल्ल्यानंतर चार-सहा दिवसांनी त्याला फाडलेल्या कागदाच्या पट्ट्यांच्या पेटीत हलवा, पट्ट्यांचा थर ८-१० सेंटीमीटर हवा म्हणजे त्याला दडता येते. नुसत्या सपाट वर्तमानपत्रावर ठेवलेले मांडूळ दिवसभर फिरत राहते आणि नाकाड सोलून घेते. विष्ठा पडली की एका तासात तपासा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत.

तपासणीच्या दोन पद्धती पुरतात. पहिली साधी: काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात काडेपेटीच्या गुलाएवढी विष्ठा, वर काचेचे झाकण, सूक्ष्मदर्शकाच्या आधी १० च्या भिंगाने, मग ४० च्या. हलणारे एकपेशीय आणि अळ्या यातच दिसतात. खापरखवला आणि वाळा यांच्यासाठी हीच, कारण विष्ठाच तेवढी असते. दुसरी तरंगवण्याची: एक लिटर गरम पाण्यात सुमारे ४०० ग्रॅम मीठ, तळाशी थोडे न विरघळता राहील इतके. गार झाल्यावर वरचे पाणी घ्या. एक-दोन ग्रॅम विष्ठा १५ मिलीत कालवून चहाच्या गाळणीतून परीक्षानळीत गाळा, काठावर फुगवटा येईपर्यंत भरा, वर काचझाकण ठेवा. १५ ते २० मिनिटांनी सरळ वर उचलून पट्टीवर ठेवा. अर्धा-पाऊण तास विसरलात तर खारट द्रवात पातळ कवचाची अंडी चिमटून ओळखू येत नाहीत. पेंटास्टोम आणि पर्णकृमींची जड अंडी मात्र तरंगत नाहीत. त्यासाठी साध्या पाण्यात कालवून तळाचा गाळ बघावा लागतो.

भिंगाखाली भक्ष्याच्या पाहुण्यांची गर्दी असते. उंदीर खाल्लेल्या मांडुळात एका बाजूला सपाट, केळ्यासारखी लांबट अंडी दिसली तर ती उंदराच्या सिफेशिया या सूतकृमीची. गोल, पिवळट, आत सहा आकड्या असलेली अंडी उंदराच्या हायमेनोलेपिस पट्टकृमीची. उंदराच्या केसांतले माइट (गोचिडीसारखे अगदी बारीक जीव) आणि त्यांची अंडीही असतात. उंदराचा क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवीसुद्धा सापाच्या आतड्यातून जसाच्या तसा बाहेर येतो आणि रंगवलेल्या पट्टीवर सापाच्या जीवघेण्या क्रिप्टोस्पोरिडियमसारखाच दिसतो. तिथे पीसीआरशिवाय निदान करू नये. खापरखवल्यात वेगळाच सापळा आहे. गांडुळाच्या शुक्राशयात मोनोसिस्टिस नावाचा एकपेशीय परजीवी राहतो. त्याची बीजकोशिका होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना टोकदार. गांडूळ पचते, पण ही होडी पचत नाही. नवखा माणूस तिला कॅपिलेरिया या जंताचे दोन्ही टोकांना बुचे असलेले अंडे समजतो. कॅपिलेरियाचे अंडे ५०-६० मायक्रोमीटरच्या आसपास, होडी त्याच्या निम्म्याहूनही लहान. भिंगात मोजपट्टी नसेल तर शेजारच्या ओळखीच्या वस्तूशी तुलना करा.

शंका फेडायचा खात्रीचा मार्ग वेळखाऊ आहे, पण सोपा. स्वच्छ, प्रयोगशाळेतले, गोठवलेले उंदीर दोनदा द्या आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. पाहुणे नाहीसे होतात, सापाचे स्वतःचे जंत राहतात.

खरोखर सापाचे जे असतात त्यात कॅलिसेफॅलस पहिला. हा सापांचा अंकुशकृमी. पातळ कवच आणि आत पेशींचा घोस असलेली अंडी. जठर आणि अन्ननलिकेच्या अस्तराला चावून बसतो, व्रण पडतात, साप खाल्लेले परत काढतो, विष्ठेत रक्त येते. दुसरा र‍्हॅब्डियास, फुप्फुसात राहणारा. श्वासनलिकेतून अंडी घशात येतात, गिळली जातात, विष्ठेत उतरतात. आत वळलेली अळी असलेले त्याचे अंडे आणि स्ट्राँगिलॉइड्सचे अंडे विष्ठेत वेगळे करता येत नाही. डॉक्टरांनी श्वासनलिकेतून घेतलेल्या धुवणात ते सापडले तर र‍्हॅब्डियास. या दोघांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात आणि सापाच्या कातडीतूनही आत शिरतात. र‍्हॅब्डियासच्या अळ्या गांडुळाच्या शरीरात साठूनही राहतात.

बंद पेटीत आजार का भडकतो ते यावरून कळेल. रानात साप विष्ठा टाकून पुढे जातो, पेटीत तो तिच्यातच सरपटतो. अळीला हवी ती ओल, ऊब आणि यजमान एकाच डब्यात मिळतात. थोड्या जंतांचे बघता बघता पुष्कळ होतात. म्हणून मांडुळाची माती कोरडी ठेवणे हाच अर्धा उपचार आहे. खापरखवल्याला कोरडे ठेवता येत नाही, तेव्हा त्याची माती दर चार दिवसांनी पूर्ण बदला, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणचे साप एका डब्यात कधीही नको. सापाच्या खोलीत कासवेही नकोत. एंटअमीबा इन्व्हेडन्स हा अमीबा त्यांच्यात निमूट राहतो आणि सापात रक्ती हगवण लावून मारतो.

पेंटास्टोमकडे दुर्लक्ष नको, कारण ते माणसालाही होतात. फुप्फुसातले हे वळीदार परजीवी उंदरातून सापात येतात. त्यांच्या अंड्यात चार आखूड पाय आणि आकड्या असलेली अळी स्पष्ट दिसते. खात्रीचे औषध नाही. हातमोजे घाला, पेटी धुताना तोंडावर शिंतोडे उडू देऊ नका, स्वयंपाकघराच्या मोरीत काही धुऊ नका. साल्मोनेलासाठीही हीच शिस्त.

अंगावरचे परजीवी डोळ्यांनी दिसतात. गोचीड हनुवटीखाली, डोळ्याच्या कडेला, शेपटीखालच्या फटीजवळ बसते. डुरक्या घोणशीच्या खरबरीत खवल्यांत ती पटकन दिसत नाही, बोट उलट दिशेने फिरवा. टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, रॉकेल किंवा तेल लावू नका. एखाद-दुसऱ्या गोचिडीने सापाचे काही बिघडत नाही. ऑफियोनिसस नॅट्रिसिस हा सापांचा माइट जास्त वाईट. खसखशीहून लहान काळे ठिपके पाण्याच्या भांड्याच्या तळाशी दिसले, किंवा साप पाण्यातच बसून राहिला, तर तोच. उबदार खोलीत दोन-तीन आठवड्यांत त्याची एक पिढी होते. माती जाळून किंवा बंद पिशवीतून फेकून द्या, पेटी ५० अंशांपुढच्या गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा, साप आठवडाभर कागदी पट्ट्यांवर, पट्ट्या रोज नव्या.

आता औषध. वजन घटते आहे, खाल्लेले उलटते, तोंडातून फेस किंवा श्वासाला घरघर आहे, विष्ठेत रक्त आहे, किंवा ताज्या नमुन्यात सापाचेच जंत पुष्कळ आहेत, तेव्हाच वन्यप्राण्यांच्या डॉक्टरांकडून. थोडी अंडी असलेला, खाणारा-पिणारा रानातला साप औषधाविना सोडलेला चांगला.

सुचवलेले इंजेक्शन किती धोक्याचे आहे ते आकड्यांत पाहा. सापासाठी आयव्हरमेक्टिनची नेहमीची मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम. ४२० ग्रॅमला ०.०८४ मिलिग्रॅम. बाजारातले १ टक्क्याचे इंजेक्शन म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम, म्हणजे लागणार ०.००८४ मिली. ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवरची सर्वांत लहान रेघ ०.०२५ मिली, म्हणजे एका रेघेत तिप्पट मात्रा. जास्त मात्रेने सापाची मान लुळी पडू शकते, श्वासही थांबू शकतो. डॉक्टर ते प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये दहापट पातळ करून ०.०८४ मिली देतात. साध्या पाण्यात ते नीट मिसळत नाही, एका थेंबात जास्त आणि दुसऱ्यात काहीच येत नाही. कासवाला तर आयव्हरमेक्टिन कधीच द्यायचे नसते, आणि खापरखवल्याएवढ्या सापाला मी ते सुचवणार नाही.

साध्या सूत्रकृमींसाठी फेनबेंडाझोल तोंडातून, किलोला २५ ते ५० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी पुन्हा. ५० च्या हिशेबाने तुमच्या मांडुळाला २१ मिलिग्रॅम. बाटलीवरची तीव्रता वाचल्याशिवाय सिरिंज भरू नका: १० टक्क्यांच्या द्रावणाचे ०.२१ मिली, अडीच टक्क्यांच्याचे ०.८४. हेही निरुपद्रवी नाही. जास्त झाले तर अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर जळते. सुकलेल्या सापाला आधी पाणी, दोन दिवसांनी औषध. पट्टकृमी दिसले तर प्राझिक्वांटेल, किलोला ५ ते ८ मिलिग्रॅम. फुप्फुसात जंत भरपूर असताना एकदम मारले तर मेलेले जंत तिथेच कुजून न्यूमोनिया होतो, म्हणून र‍्हॅब्डियासमध्ये घाई करू नये.

मांडूळ तस्करीतून सोडवलेले असेल तर खाऊ घालण्याआधी एक्स-रे काढून घ्या. मांडूळ वजनावर विकले जाते आणि वजन वाढवायला काही कोंबलेले असू शकते, त्यामुळे पोटात धातूची वस्तू, मोडलेल्या फासळ्या आणि आतल्या जखमा आधी नाकारायला हव्यात.

जंत सापडलाच तर फेकू नका. वाफाळत्या, ६०-७० अंशांच्या मिठाच्या पाण्यात क्षणभर बुडवा म्हणजे तो सरळ होऊन मरतो, मग ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवा. थेट अल्कोहोलमध्ये टाकलेला जंत वेटोळे करून आकसतो आणि ओळखता येत नाही. कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका: साप कोणता, कुठून, तारीख, काय खाऊ घातले होते. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

खापरखवले आधी सोडा. मांडुळासाठी थांबणे भाग असले तरी त्यांच्यासाठी आजच वनरक्षकांना फोन करा. वनविभागाच्या हॅलो फॉरेस्ट मदतसेवेचा १९२६ क्रमांकही आहे. जिथून आणले तिथल्याच उतारावर, कामाच्या जागेपासून शंभर-दोनशे मीटरवर, पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी, पालापाचोळा बाजूला करून हातभर जागा खुरप्याने सैल करा आणि साप वर ठेवा. मिनिटभरात तो आत जातो. पेटीतली माती मात्र तिथे ओतू नका, ती परत आणून जाळा.